ग्रहणाचा दोष कुणाचा?

आम्ही बचत गटांच्या बायका. महिन्याच्या बैठकीत हप्ते जमा झाले, कर्जाची वही लिहून झाली, की आम्ही अर्धा तास वाचन करतो. एकीने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. कुणी गवार मोडत ऐकतं, कुणी वाती वळत. या वाचनातून एकदा एक मोठाच विषय निघाला. तो आज तुम्हाला सांगायचा आहे.

गोष्ट डिसेंबर २०१९ ची. २६ तारखेला सूर्यग्रहण होतं. मार्गशीर्षातला गुरुवार, त्यात अमावास्या, त्यात ग्रहण! व्रताचं उद्यापन त्या दिवशी करायचं की आधीच्या गुरुवारी, यावर आमच्या बैठकीत हप्त्यांपेक्षा जास्त बोलणं झालं. तेवढ्यात एक वहिनी हळूच म्हणाली, "तुमचं उद्यापनाचं चाललंय. माझं काय?" तिला सातवा महिना होता. घरातून तिला सांगणं झालं होतं की आदल्या संध्याकाळपासून अन्न नाही, पाणी नाही, विळीला हात नाही, दार लावून एका जागी पडून राहायचं.

सासूबाई काही वाईट नव्हत्या, त्या घाबरल्या होत्या. त्या घरात थोरल्या जाऊबाईंचा मुलगा फाटलेल्या ओठाचा जन्मला होता. पुढे शस्त्रक्रिया झाली, आता तो शाळेत जातो, गातोही छान. पण त्याच्या आईने दहा वर्षं एकच वाक्य ऐकलं होतं, "ग्रहणात भाजी चिरलीस, म्हणून हे झालं." ती बैठकीत यायची, अंगठ्याऐवजी सही करायला शिकली, पण ग्रहणाचा विषय निघाला की खाली मान घालायची.

आम्ही लगेच भाषण दिलं नाही. भीती वाटणाऱ्या माणसाला "अडाणी आहेस" म्हटलं की ते दार आणखी घट्ट लावून घेतं. आम्ही गोष्टी वाचायला घेतल्या.

आमच्यातल्या एकीने बी.ए.ला असताना जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा वाचल्या होत्या. नारळीकर म्हणजे कोल्हापुरात जन्मलेले मोठे खगोलशास्त्रज्ञ. पुण्यात आयुका ही संस्था उभारण्यात त्यांचा पुढाकार होता. १९७४ मध्ये त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत आपली पहिली कथा पाठवली, तीही टोपणनावाने, कारण स्वतःच्या मोठ्या नावाचा परिणाम निकालावर व्हायला नको होता. पुढे १९७९ मध्ये 'यक्षांची देणगी' हा त्यांचा कथासंग्रह आला. गावच्या ग्रंथालयातून आम्ही त्यांची पुस्तकं आणली आणि 'धूमकेतू' ही कथा पुन्हा वाचली.

कथा अशी आहे. एका हौशी आकाशनिरीक्षकाला नवा धूमकेतू सापडतो. हिशेब केल्यावर कळतं की तो पृथ्वीवर आदळणार. शास्त्रज्ञ एकत्र येतात आणि लोकांत घबराट नको म्हणून गुपचूप यान पाठवून त्याची वाट बदलायचं ठरवतात. इकडे त्या माणसाच्या घरात संकट टळावं म्हणून यज्ञ होतो. संकट टळतं. आणि घरातली माणसं म्हणतात, बघा, यज्ञाचा गुण आला!

कॉलेजात वाचताना आमच्या वाचणारीचं सगळं लक्ष यानाकडे होतं. पोहोचतं की नाही, एवढीच धाकधूक. या वेळी बायकांत बसून वाचताना यान मागे राहिलं आणि शेवटचा घरातला प्रसंग मनात अडकला. एक आजी म्हणाल्या, "म्हणजे कावळा बसला आणि फांदी तुटली." अगदी बरोबर. एका गोष्टीनंतर दुसरी घडली, म्हणून पहिलीमुळे दुसरी झाली असं होत नाही. शेवटच्या ओळीपर्यंत थोरल्या जाऊबाईंच्या हातातली गवार मोडायची थांबली होती.

दुसरी गोष्ट आम्ही वाचली नाही, सांगितली. आयझॅक आसिमोव्ह यांची 'नाइटफॉल', १९४१ सालची. एका ग्रहाला सहा सूर्य आहेत. एक मावळला तरी दुसरा असतोच, त्यामुळे तिथल्या लोकांनी रात्र पाहिलेलीच नाही. २०४९ वर्षांनी एकदाच असं होतं की आकाशात एकच सूर्य उरतो आणि त्यालाही ग्रहण लागतं. अंधार पडतो. लोक उजेडासाठी हाताला लागेल ते पेटवतात आणि आपलीच शहरं जाळून टाकतात. अंधाराने कुणाला जाळलेलं नसतं. माणसंच घाबरून पेटवतात. आपल्याकडे तर रोज रात्र होते, आपण अंधाराला घाबरत नाही. मग दिवसाच्या थोड्या अंधाराने आपण घरातल्या बाईला का उपाशी ठेवतो?

आता ग्रहण म्हणजे काय, ते पाहू. हातात एक नाणं घ्या, एक डोळा मिटा आणि दूरचं आंब्याचं झाड नाण्याने झाका. एवढंसं नाणं एवढं झाड झाकतं, कारण ते डोळ्याजवळ आहे. चंद्राचंही तसंच. सूर्य चंद्रापेक्षा सुमारे ४०० पट मोठा आहे, पण जवळपास ४०० पट लांबही आहे. म्हणून आपल्याला दोघे सारखेच दिसतात. अमावास्येला चंद्र सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधे येतो आणि त्याची सावली आपल्यावर पडते. ग्रहण म्हणजे ही सावली. चंद्र आपल्यापासून जास्त लांब असताना सूर्य पुरता झाकला जात नाही, कडेने बांगडीसारखा उजेड उरतो. त्याला कंकणाकृती म्हणतात. २०१९ चं ग्रहण तसंच होतं. कंकण दिसलं ते कर्नाटक, केरळ आणि तामिळनाडूच्या काही भागांत. आपल्याकडे ते खंडग्रास होतं.

मग दर अमावास्येला ग्रहण का नाही? हातातल्या दोन बांगड्या काढा आणि एकीत दुसरी जराशी तिरपी धरा. सूर्याची वाट आणि चंद्राची वाट अशा सुमारे पाच अंशांनी तिरक्या आहेत. त्या दोनच ठिकाणी एकमेकींना छेदतात. अमावास्येला सूर्य आणि चंद्र या छेदाजवळ असले, तरच सूर्यग्रहण. या दोन छेदांनाच आपल्याकडे राहू आणि केतू म्हणतात. ग्रहण ही सावली आहे, हे आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या आपल्या ग्रंथात सांगून ठेवलं आहे. पंचांगात ग्रहणाची वेळ मिनिटापर्यंत वर्षभर आधी छापता येते, ती या गणितामुळे. राहू मनाला येईल तेव्हा सूर्य गिळत असता, तर वेळ कशी छापली असती?

आता फाटलेल्या ओठाचा हिशेब. ही गोष्ट आम्ही उपकेंद्रातल्या नर्सताईंना बोलावून समजून घेतली. त्यांनी सांगितलं की बाळाचा ओठ गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात तयार होतो. टाळू साधारण नवव्या आठवड्यापर्यंत जुळते. म्हणजे अनेकींना आपल्याला दिवस गेलेत हे नीट कळेपर्यंत ओठाचं काम होऊनही गेलेलं असतं.

हे ऐकल्यावर थोरल्या जाऊबाई पहिल्यांदा बोलल्या. "ते ग्रहण संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी होतं. किंक्रांतीला. त्यानंतर बारा दिवसांनी हा झाला." ते ग्रहण १५ जानेवारी २०१० चं. आम्ही फळ्यावर महिने मांडले आणि उलटे मोजत गेलो. बाळ जानेवारीच्या शेवटी झालं, दिवस पूर्ण भरलेले. म्हणजे त्याचा ओठ तयार झाला मागच्या जून महिन्यात, पेरणीच्या दिवसांत. त्यांनी भाजी चिरली त्याच्या सहा महिन्यांहून जास्त आधी. विळी उचलली तेव्हा ओठाचं जे व्हायचं ते कधीच होऊन गेलं होतं.

खोलीत कुणी बोललं नाही. मग त्या एवढंच म्हणाल्या, "हे आधी कुणी मोजलं का नाही?"

मैत्रिणींनो, असा दोष का येतो याचं एक कारण बहुतेक वेळा सांगता येत नाही. काही वेळा तो आनुवंशिक असतो. गरोदरपणी आईचं धूम्रपान, आधीपासूनचा मधुमेह, फिटची काही औषधं, यांनी धोका वाढतो. मिश्री म्हणजेही भाजलेली तंबाखूच, ती सोडलेलीच बरी. पण फिटच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोला. फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहण्याआधीपासून सुरू करावी. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा नीट घडण्यासाठी ती लागते. आणि फाटलेल्या ओठाचं बाळ जन्मलंच, तर लपवून ठेवू नका. ओठाची शस्त्रक्रिया साधारण पहिल्या वर्षात आणि टाळूची दीड वर्षापर्यंत करतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात याची तपासणी आणि उपचार मोफत आहेत. आशाताईंना विचारा.

मग आली २६ तारीख. आमच्यापैकी काहींनी आंघोळी, देवपूजा आपापल्या रीतीने केल्या. त्याला आमची काही हरकत नव्हती. सातव्या महिन्यातल्या वहिनीने सकाळी भाकरी-दूध घेतलं. पाण्याचा तांब्या सोबत होता. सासूबाईंना आम्ही एवढंच म्हटलं होतं, "आत्याबाई, गरोदर बाईला वेधात सवलत पंचांगातही असते. तुम्हीही आमच्याबरोबर चला."

आठच्या सुमारास शाळेच्या मैदानावर जमलो. ग्रहणाचे खास चष्मे चारच होते, ते आळीपाळीने घेतले. बाकीच्यांसाठी स्वयंपाकघरातला झारा! सूर्याकडे पाठ केली, झारा उन्हात धरला आणि त्याची सावली शाळेच्या भिंतीवर पाडली. झाऱ्याच्या प्रत्येक भोकातून सूर्याची एक प्रतिमा पडते. एरवी ते गोल ठिपके असतात. त्या दिवशी भिंतीवर चंद्रकोरीच चंद्रकोरी उमटल्या. पोरं ओरडायला लागली. साडेनऊच्या आसपास कोर सगळ्यांत बारीक झाली. ऊन पातळ कापडातून गाळल्यासारखं झालं. मधेच ढग यायचे, सगळ्या जणी हळहळायच्या, पुन्हा ऊन पडायचं. कावळ्याची म्हण सांगणाऱ्या आजी फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणात दाराला आतून कडी घालून बसल्या होत्या. ३९ वर्षांनी त्या भिंतीवरच्या कोरी बोटाने मोजत होत्या.

वहिनी मार्चमध्ये बाळंत झाली. मुलगी झाली, धडधाकट. पण "बघा, ग्रहणात बाहेर बसली तरी काही झालं नाही" असं आम्ही मिरवलं नाही. ती पुन्हा कावळ्या-फांदीचीच गोष्ट झाली असती. बाळात काही दोष निघाला असता, तरी तो ग्रहणाचा नव्हता आणि तिचाही नव्हता. हे जिला पटलं, तिला पुढच्या वेळी कुणी घाबरवू शकत नाही.

पुढचं एक ग्रहण आत्ताच वहीत लिहून ठेवा. २ ऑगस्ट २०२७, सोमवार. आपल्याकडे ते दुपारनंतर खंडग्रास दिसेल. पावसाचे दिवस आहेत, ढगांनी साथ दिली पाहिजे. त्या दिवशी आषाढी अमावास्या, म्हणजे दिव्यांची अवस. आपण दिवे घासूनपुसून मांडतोच, सोबत झाराही घासून ठेवा.

एक काळजी मात्र घ्या. नुसत्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहू नका. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, साधा गॉगल, परातीतलं पाणी, यातलं काहीही चालत नाही. डोळ्याच्या पडद्याला इजा होताना दुखत नाही, कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. प्रमाणित चष्मा, नाहीतर सूर्याकडे पाठ करून झारा, एवढंच.

त्याआधीच्या बैठकीत 'धूमकेतू' मोठ्याने वाचा. आणि तुमच्या गावात अशीच एखादी मान खाली घालून बसलेली असेल, तर तिच्याबरोबर फळ्यावर महिने मोजा. आमच्या थोरल्या जाऊबाई आता पाळी आली की स्वतः वाचतात.