माळ्यावरची ठासणीची बंदूक : पॉलिश पेपर घेण्याआधी

राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड, शाहूवाडी या जंगलालगतच्या तालुक्यांत जुन्या घरात ठासणीची बंदूक निघाली तर नवल नाही. पीक राखणीसाठी आजोबांनी परवाना काढलेला असतो. आजोबा गेले आणि बंदूक गोणपाटात गुंडाळून माळ्यावर गेली. मग घर शाकारताना ती खाली येते आणि घरातला हौशी तरुण म्हणतो, "घासूनपुसून चकाचक करतो की! काय बिघडतंय?" बिघडण्यासारखे बरेच आहे.

आधी ती भरलेली आहे असेच धरून चाला. ही बंदूक मागून उघडून बघायची सोय नसते. राखणीत बार उडवायची वेळ आली नाही, तर पूर्वी ती तशीच खुंटीला लागायची. ओल शिरली नसेल तर आतली दारू कित्येक वर्षांनीही पेट घेते. निपलवर टोपी दिसली तर तिथेच थांबा. नसेल तर जुन्या जाणत्यांची रीत अशी : नळीसमोर कुणी नको, स्वतःचे तोंडही नको. ठासणीचा गज हलक्या हाताने आत सोडायचा, नळीच्या तोंडाशी खूण करायची आणि बाहेर काढून नळीला लावून मापायचा. गज निपलपर्यंत न पोचता चार बोटे अलीकडे थांबला, तर आत काहीतरी आहे. मग उडवून मोकळी करू, तापवून काढू, असले धाडस नको. पोलीस ठाण्याला कळवा.

दुसरा प्रश्न कागदाचा. सातबाऱ्याला वारस लागले म्हणून बंदूक नावावर चढत नाही. परवाना माणसाचा असतो, घराचा नव्हे. धारक वारल्यावर बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने स्वतःच्या नावे अर्ज करायचा असतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात आणि वारसाहक्काच्या बंदुकाही त्यातच मोजतात. पोलीस पाटलांनी अशा घरांना दम देण्यापेक्षा अर्ज लिहून द्यायला मदत केली, तर माळ्यावरच्या कितीतरी बंदुका कागदावर येतील.

अमेरिकेत हौशी लोक तरफेची जुनी विंचेस्टर रायफल विकत आणून घरच्या टेबलावर खोलतात. आपल्याकडे बंदुकीच्या दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो. निपल बदलणे, घोड्याची कमान बसवणे, नळीला वेल्डिंग मारणे ही कामे गावच्या लेथवर नेऊ नका. मालकाबरोबर लेथवालाही अडकतो. शिवाय गंजाने पातळ झालेली नळी बाराला फाटते, आणि ती धरणाऱ्याच्या हातात असते!

मग हौशी माणसाने करायचे काय? कागद नीट असेल आणि बंदूक रिकामी असेल तर साफसफाई जरूर करावी. काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढते, त्यातून आपला घाटाकडचा पाऊस. म्हणून जुने लोक बार उडवला की त्याच संध्याकाळी नळी कढत पाण्याने धुऊन, कोरडी करून, तेलाचे बोट फिरवत. बाहेरचा गंज तेल मुरवून मऊ फडक्याने काढावा. पॉलिश पेपर मुळीच नको, कारण त्यात नळीवरचा नंबर जातो. नंबर खोडणे हा गुन्हा आहे, आणि खोडलेला नंबर सापडला तर तो तुम्हीच खोडला असे कायदा धरून चालतो. दस्त्याला जवसाचे तेल पातळ हाताने, मधे वाळू देत, चार-पाच वेळा चोळावे. लाकूड जिवंत दिसू लागते, हेच या कामातले खरे सुख.

दुरुस्त करूनही कधीच उडू शकणार नाही अशा मोडक्या बंदुकीला कायद्यात सूट आहे. पण ते आपण ठरवायचे नाही, तसा लेखी कागद घ्यावा.

आणि बंदूक चालू झाली म्हणून गव्यावर रोखता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात गवा पहिल्या अनुसूचीत आहे. रानडुकरालाही वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही.

निवडणुकीत बंदुका ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. देताना तेल लावून द्या, पावती घ्या. परत आणताना पावतीवरचा आणि नळीवरचा नंबर तिथेच जुळवून बघा.