फुप्फुसातील आडवाट

हृदय दुबळे झालेल्या वृद्ध माणसाला आडवे पडले की धाप लागते आणि उशांना टेकून बसवले की आराम पडतो. अशा रुग्णाची सेवा केलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक असते. काही थोड्या रुग्णांत मात्र याच्या नेमके उलट घडते. बसले किंवा उभे राहिले की दम लागतो, बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा उतरतो आणि आडवे होताच तो पुन्हा चढतो. आपल्या घरी असे दिसले, तर दोन्ही स्थितींतले आकडे कागदावर टिपून डॉक्टरांना अवश्य दाखवा.

यामागचे एक कारण फुप्फुसातील रक्तवाहिन्यांच्या रचनेत असू शकते. हृदयाच्या उजव्या बाजूकडून आलेले रक्त फुप्फुसातील केसाहून बारीक वाहिन्यांच्या जाळ्यातून जाते, तेथे प्राणवायू घेते आणि मग डाव्या बाजूकडे परतते. काही जणांत रोहिणी आणि नीला मधले जाळे वगळून परस्पर जोडल्या गेलेल्या असतात. या आडवाटेने गेलेले रक्त प्राणवायूवाचून पुढे जाते. अशा जोडण्या बहुधा फुप्फुसाच्या खालच्या भागात असतात. उभे राहिल्यावर तिकडे अधिक रक्त ओढले जाते, म्हणून धाप वाढते.

पण खरी भीती धापेची नाही. ते बारीक जाळे गाळणीचेही काम करते. पायाच्या शिरेतून सुटलेली रक्ताची बारीक गुठळी किंवा किडलेल्या दातातून रक्तात शिरलेले जंतू एरवी तेथेच अडतात. आडवाट मोकळी असेल, तर ते थेट मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. परिणाम पक्षाघाताचा किंवा मेंदूत गळू होण्याचा. कित्येकांना आधी कसलाच त्रास नसतो. पक्षाघात हीच पहिली सूचना ठरते.

बहुसंख्य रुग्णांत हा दोष एका आनुवंशिक विकाराचा भाग असतो. डॉक्टर त्याला एचएचटी म्हणतात. त्याची खूण आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दिसत असूनही दुर्लक्षित राहिलेली असू शकते: वारंवार घोळणा फुटणे. आजोबांचा फुटे, वडिलांचा फुटे, आता मुलाचा फुटतो. आणि प्रत्येक वेळी ‘उष्णता’ म्हणून डोक्यावर पाणी थापले जाते, कांदा हुंगवला जातो. उष्णतेवर आपण फारच भार टाकतो! याच्या जोडीला ओठांवर, जिभेवर किंवा बोटांच्या टोकांवर दाबल्यास फिके पडणारे लाल ठिपके असतील, तर तपासणी टाळू नये.

तपासणी अवघड नाही. हवेबरोबर घुसळलेले सलाइन दंडाच्या शिरेतून देऊन सोनोग्राफीने हृदय पाहतात. निरोगी फुप्फुसात ते सूक्ष्म बुडबुडे अडतात. आडवाट असेल, तर काही ठोक्यांनंतर हृदयाच्या डाव्या बाजूस उमटतात. नेमकी जागा सीटी स्कॅनने कळते.

“या वयात छाती उघडायची का?” हा वृद्धांचा पहिला प्रश्न. पूर्वी फुप्फुसाचा तो भाग कापून काढावा लागे. 1977 मध्ये जर्मन डॉक्टर पोर्स्टमन यांनी नळीद्वारे अशी वाहिनी बंद केल्याचे प्रसिद्ध केले आणि आज तीच वाट रूढ आहे. जांघेतील शिरेत बारीक नळी घालून, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत ती हृदयातून फुप्फुसापर्यंत नेतात. दोषाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीत धातूच्या तारेची गुंडाळी किंवा जाळीदार बूच बसवले, की आडवाट बंद होते. बहुधा जागा बधिर करून आणि थोडी गुंगी देऊन हे काम होते; टाके नाहीत, आणि बहुतेक रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. साधारणपणे 2 ते 3 मिलिमीटर किंवा त्याहून रुंद रोहिणी असल्यास हा उपचार सुचवतात.

आधी मूत्रपिंडाची तपासणी करून घ्या, कारण वापरायचे रंगद्रव्य मूत्रपिंडावर ताण आणू शकते. मधुमेहाच्या व रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा. स्वतःहून कोणतीही बंद करू नका. नंतरच्या काही दिवसांत श्वास घेताना छातीत टोचल्यासारखे दुखू शकते. ते बहुधा ओसरते. वाढले, ताप आला किंवा हातपाय लुळे वाटले, तर लगेच रुग्णालय गाठा.

बंद केलेली वाट कधी पुन्हा उघडते, लहान राहिलेली मोठी होते. म्हणून 6 ते 12 महिन्यांनी आणि पुढे काही वर्षांच्या अंतराने सीटी स्कॅन करावा लागतो. दोष बंद झाला तरी दंतवैद्यांना त्याची कल्पना द्या. दात काढण्याआधी प्रतिजैविक घ्यावे लागते. आणि सलाइन लावताना नळीत हवेचा बुडबुडा राहिला नाही ना, हे परिचारिकेला नम्रपणे पण न संकोचता विचारा. घोळणा फुटून शरीरातील लोह उतरते आणि त्यानेही पक्षाघाताचा धोका वाढतो, तेव्हा ती तपासणीही मागून घ्या.

आजोबांच्या आजाराचे निदान सत्तरीत झाले, तरी ते नातवंडांच्या उपयोगी पडते. विकार असलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. विशेषतः घरातील लेक किंवा नात आई होऊ पाहत असेल, तर तिची तपासणी आधीच करून घ्या. गरोदरपणी अशी वाहिनी फुटून छातीत रक्तस्राव होऊ शकतो.