जुन्या मोटारगाडीची खासगी विक्री : किंमत आणि तयारी

जुनी गाडी दलालाला किंवा जुन्या गाड्यांच्या दुकानदाराला न देता थेट वापरणाऱ्याला विकली, तर तिला खासगी विक्री म्हणतात. मधल्या माणसाचा नफा वाचतो म्हणून आपण हा मार्ग निवडतो. पण मधला माणूस नफा फुकट घेत नसतो. तो गिऱ्हाइकाच्या शंका फेडतो, गाडी दुरुस्त करून घेतो, कागद फिरवतो. खासगी विक्रीत ही सगळी कामे आपल्याकडे येतात, आणि कागदाचे काम अर्धवट राहिले तर गाडी गेल्यावरही तिची जबाबदारी आपल्याकडे उरते.

समजण्यासाठी एक गाडी डोळ्यांसमोर ठेवू. २०१३ साली पुण्यात नोंदलेली पेट्रोल वॅगन-आर, एकच मालक, ८२,००० किलोमीटर, विक्रीचे वर्ष २०२६. खालच्या किमती केवळ हिशेबाची रीत कळावी म्हणून धरल्या आहेत. तुमच्या गावातला भाव तुम्हालाच काढावा लागेल.

किंमत कशी काढायची

पुष्कळ जण सुरुवात विम्याच्या कागदापासून करतात. पॉलिसीवर गाडीची घोषित किंमत, म्हणजे आयडीव्ही, छापलेली असते. पहिल्या पाच वर्षांत ती ठरलेल्या टक्केवारीने घटते आणि पाचव्या वर्षी निम्म्यावर येते. त्यानंतर मात्र ती विमा कंपनी आणि मालक यांच्यात आपसांत ठरते. तेव्हा तेरा वर्षांच्या गाडीचा आयडीव्ही हा बाजारभाव नव्हे. ‘गाडीवर आजवर एवढा खर्च केला’ हा हिशेबही बाजूला ठेवावा. घेणारा तुमच्या आठवणींचे पैसे देत नाही.

बाजारभाव दोन बाजूंनी शोधायचा. वरच्या बाजूला जाहिराती असतात. तेच मॉडेल, तेच इंधन, एक वर्ष अलीकडे-पलीकडे आणि शक्यतो तेच शहर, अशा दहा-बारा जाहिराती टिपून ठेवा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा पाहा. ज्या अजून तशाच आहेत त्यांची किंमत कोणी दिलेली नाही, एवढे तरी कळते. खालच्या बाजूला दुकानदाराचा भाव असतो. दोन-तीन ठिकाणी गाडी नेऊन ‘आज किती द्याल?’ असे विचारावे. समजा जाहिराती १,९०,००० ते २,२०,००० च्या आहेत आणि दुकानदार १,४०,००० म्हणतो. खासगी सौदा या दोहोंच्या मधे कुठेतरी बसेल. दुकानदाराला भाडे, दुरुस्ती आणि नफ्याच्या फरकावरचा जीएसटी काढायचा असतो. दोन खासगी व्यक्तींमधल्या विक्रीवर जीएसटी नाही. घरच्या वापराची गाडी प्राप्तिकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ता धरली जात नाही, म्हणून हा करही लागत नाही.

आता वयाचा भाग. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर आहे, शिवाय तपासणीत पास होण्यासाठी करावी लागणारी डागडुजी वेगळी. आपल्या गाडीची मुदत २०२८ ला संपते, आणि घेणारा हा खर्च मनात धरूनच बोलतो. म्हणून चौदा वर्षे अकरा महिन्यांची गाडी बाजारात फार अवघडून उभी असते. तिची नोंदणी आधी वाढवून घ्यावी, नाहीतर वर्षभर अगोदरच विकावी. दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रात तर वयच भाव ठरवते. तिथे १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने निर्बंध घातले आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दुजोरा दिला. अंमलबजावणीत पुढे फेरबदल झाले, तरी घेणाऱ्याच्या मनातली धास्ती गेलेली नाही.

शंकेची किंमत

अमेरिकेचे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. २००१ च्या नोबेल पुरस्कारामागे तो होता. त्यातली गोष्ट आपल्या गल्लीतही दिसते. गाडी चांगली की वाईट हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. त्यामुळे घेणारा सगळ्यांनाच मधला भाव देऊ पाहतो. चांगल्या गाडीच्या मालकाला तो परवडत नाही, तो बाजूला होतो, आणि बाजारात वाईट गाड्या जास्त उरतात. तेव्हा विक्रीची तयारी म्हणजे गाडी चकचकीत करणे नव्हे. घेणाऱ्याची एकेक शंका कमी करणे ही खरी तयारी.

या दृष्टीने पाहिले की कशावर खर्च करायचा ते आपोआप ठरते. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागत असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्या. दोष एखाद्या सेन्सरचा, दोन-तीन हजारांचा असेल. पण घेणारा मनात इंजिनकाम धरून वीस हजार कापतो. दमलेली बॅटरी, न उतरणारी काच, न वाजणारा हॉर्न, गार न होणारा एसी यांचेही असेच. उलट पूर्ण गाडी रंगवून घेणे हा बहुधा उलटणारा खर्च आहे. तेरा वर्षांच्या गाडीवर कोरा रंग दिसला की पहिला प्रश्न येतो : ‘ठोकली होती का?’ दारावरचा ओरखडा तसाच राहू द्या. दाखवायच्या आदल्या दिवशी इंजिन धुऊन घेणेही टाळावे. ऑइलची गळती झाकली, असाच अर्थ निघतो. गाडी आतून स्वच्छ करावी, डिकीतले सामान काढावे, स्टेपनी आणि जॅक जागेवर आहेत ना ते पाहावे.

टायर गुळगुळीत झाले असतील तर स्वस्तातले चार नवे घालण्यापेक्षा तेवढी रक्कम किमतीतून कमी करणे बरे. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. जाणकार गिऱ्हाईक ते वाचतेच.

किलोमीटरवर कोणी सहज विश्वास ठेवत नाही, कारण मीटर मागे फिरवणारे आहेत. त्यावर उपाय म्हणजे सर्व्हिसची जुनी बिले. प्रत्येक बिलावर तारीख आणि त्या दिवसाचे किलोमीटर असतात. २०१७ चे ३६,०००, २०२१ चे ५९,००० आणि आज ८२,००० अशी चढण कागदावर दिसली की वाद मिटतो. बिलांची ही फाईल नव्या सीट कव्हरपेक्षा जास्त पैसे मिळवून देते, आणि ती फुकट आहे.

गाडी दाखवताना इंजिन आधीपासून तापवून ठेवू नका. येणाऱ्याला बॉनेटला हात लावू द्या आणि थंड इंजिन त्याच्यासमोर सुरू करा. अपघात झाला असेल तर फोनवरच सांगा : कोणत्या साली, कोणता भाग, काय बदलले. भारतीय करार कायद्याच्या कलम १७ नुसार दोष ठरवून लपवणे ही फसवणूक आहे. व्यवहाराच्या बाजूने पाहिले तरी, आपण सांगितलेला दोष घासाघिशीत थोडे कापतो आणि त्याच्या मेकॅनिकने शोधून काढलेला दोष सौदाच मोडतो.

कागद

आरसी काढून पाहा. कर्ज कधीच फिटलेले असते, पण बँकेचा बोजा आरसीवर तसाच असतो. हे फार घरांत आढळते. बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवावा. हे काम गिऱ्हाईक शोधण्याआधीचे आहे. थकलेली ई-चलने भरून टाका. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असल्यास उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवून घ्या. पीयूसी आणि विमा चालू ठेवा. सीएनजी किट बसवले असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी आणि सिलिंडरची तीन वर्षांनी होणारी चाचणी झालेली हवी. घेणारा परराज्यातला असेल तर फॉर्म २८ वर आरटीओची ना-हरकत लागते.

पैसे खात्यात आलेले स्वतः बँकेत किंवा अ‍ॅपमध्ये पाहिल्याशिवाय किल्ली देऊ नये. मोबाइलवर दाखवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणे प्राप्तिकर कायद्याने मना आहे आणि दंड घेणाऱ्यावर, तोही तेवढ्याच रकमेचा होऊ शकतो.

सर्वांत जास्त घोटाळा यानंतर होतो. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून कागद समोरच्याच्या हाती दिले की विक्री झाली, असे आपण समजतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार त्याच राज्यातल्या विक्रीची माहिती विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला द्यायची असते. सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात गाडी एकामागून एक अनेकांनी घेतली होती, पण नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती. २००९ साली तिने अपघात केला. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने सांगितले की नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. त्याने गाडी दोन वर्षांपूर्वीच विकली होती.

म्हणून ताबा देताना दोघांच्या सह्यांची पावती करावी. तीत तारीख, वेळ आणि किलोमीटर लिहावेत. पण ती पावती आरसीची जागा घेत नाही. शक्य तर घेणाऱ्यासोबत स्वतः अर्ज भरावा, किंवा ठरलेल्या किमतीतले काही हजार नाव बदलेपर्यंत घेणाऱ्याकडेच शिल्लक ठेवून तसे पावतीत लिहावे. विकणाऱ्याला हे उलटे वाटेल, पण नाव बदलण्याची घाई मग घेणाऱ्यालाही होते. परिवहनच्या संकेतस्थळावर नवे नाव दिसेपर्यंत अधूनमधून पाहत राहावे. विम्याचा नो-क्लेम बोनस गाडीचा नसून तुमचा असतो. विमा कंपनीकडून त्याचे पत्र घेतले तर तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला तो लावता येतो. फास्टॅग त्याच दिवशी बंद करावा, नाहीतर पुढच्या टोलचे पैसे तुमच्याच खात्यातून जातील.