दातावर दात कशाला?

हे वाचता वाचता क्षणभर थांबा. तुमचे वरचे आणि खालचे दात या घडीला एकमेकांना टेकलेले आहेत का? 'तोंड मिटले की दात टेकणारच!' असे बरेच जण म्हणतील. नेमकी इथेच गफलत होते. ओठ मिटलेले आणि जबडा सैल असला, की दोन्ही दंतपंक्तींत २ ते ४ मिलिमीटर फट राहायला हवी. दात टेकतात ते खाताना आणि आवंढा गिळताना. दिवसभरातला हा सारा वेळ एकत्र केला, तरी तो २० मिनिटांच्या आसपासच भरतो.

बाकीचा वेळ जबड्याच्या स्नायूंच्या विश्रांतीचा. पण दात नुसते हलके टेकून राहिले, तरी हे स्नायू कामाला लागतात. भाजी चिरताना, गर्दीतून स्कूटर काढताना, मुलांचा अभ्यास घेताना नकळत दातावर दात बसतो आणि संध्याकाळी कानशिले ठणकू लागतात. मग चष्म्याचा नंबर तपासला जातो, सायनसचा संशय येतो, गोळ्यांचे पाकीट संपते. जबड्याकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही.

करून पाहा

जबडा दुखत नसेल, तर एक प्रयोग करा. दोन्ही हातांची बोटे कानशिलांवर ठेवा आणि दाढा घट्ट आवळा. बोटांखाली स्नायू टरारून फुगेल. आता खालचा जबडा पुढे आणून फक्त पटाशीचे दात टोकाला टोक लावा आणि तितकाच जोर करा. फुगवटा बराच कमी जाणवेल. जबडा एका बाजूला सरकवून फक्त सुळे टेकवले, तरी बहुतेकांना असाच अनुभव येतो. स्नायू तेच, बदलला तो टेकणारा दात.

असे का व्हावे? अडकित्त्यात सुपारी टोकाशी धरली तर फुटत नाही, बिजागरीजवळ सरकवली की कट्‌कन फुटते. आपली बिजागरी कानापुढे असते आणि दाढा तिच्या जवळ. म्हणून पटाशीच्या दातांवर पडणारा जोर दाढांच्या जेमतेम तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतका. शिवाय दाताच्या मुळाभोवतीच्या पातळ पडद्यात मज्जातंतूंची टोके असतात. कोणत्या दातावर किती भार आला, ही खबर ती मेंदूला देतात आणि स्नायूंना आवर बसतो. भातात खडा लागताच जबडा आपोआप उघडतो ना, तो याच यंत्रणेमुळे!

हे पहारेकरी केसाहून बारीक फरकही ओळखतात. म्हणूनच दाढेतले नवे सिमेंट किंचित उंच राहिले, तर तोंड मिटताना जबडा तो दात चुकवत वाकड्या वाटेने जातो आणि एका बाजूचे स्नायू दुखू लागतात. भूल उतरेपर्यंत हे कळत नाही. दुसऱ्या दिवशी तो दात आधी टेकतो असे वाटले, तर सरळ दंतवैद्याकडे परत जावे. रंगीत कागद चावायला देऊन ते उंचवटा शोधतात आणि दोन मिनिटांत घासून देतात.

मात्र दात आवळायची सवय आहे म्हणून चांगले, धडधाकट दात घासून घेऊ नयेत. पूर्वी या सवयीचा दोष दातांच्या ठेवणीला दिला जाई. आज तिचे मूळ मुख्यतः मेंदूत, मनावरच्या ताणात आणि झोपेच्या चाळवाचाळवीत मानले जाते. घासलेला दात पुन्हा उगवत नाही!

मूल झोपेत दात खाऊ लागले की आजी जंतांचे औषध काढते. पण एवढ्या एका लक्षणावरून जंत ठरवता येत नाहीत. बहुतेक मुलांची ही सवय वाढत्या वयाबरोबर सुटते.

मोठ्यांनी दिवसा स्वतःवर पाळत ठेवावी. फ्रिजवर, आरशावर, मोबाइलवर 'दात सुटे' अशी चिठ्ठी लावावी. ती दिसली की जबडा सैल सोडायचा. संध्याकाळचा चहा-कॉफी, तंबाखू आणि मद्य यांनी झोपेतले दात खाणे वाढू शकते. सकाळी जबडा जड वाटत असेल, दात झिजत असतील किंवा उभी तीन बोटे मावतील इतके तोंड उघडत नसेल, तर दंतवैद्याला दाखवावे. ते दातांच्या मापाचे आवरण बनवून देतात. रात्री ते घालून झोपायचे. त्याने सवय मोडतेच असे नाही, पण झीज होते ती आवरणाची.