शॉकवेव्ह: कुणाला आणि कशासाठी?

‘शॉकवेव्ह’ म्हटलं की अनेकांना विजेचा शॉक आठवतो. ते आधी मनातून काढून टाकू. इथे शरीरात वीज जात नाही, दाबाच्या लाटा जातात, ध्वनीच्याच जातीच्या. १९८० साली म्युनिकमध्ये अशा लाटांनी पहिल्यांदा रुग्णाचा मुतखडा बाहेरूनच फोडला गेला. पुढे त्याच लाटा, ताकद कमी करून, जुनाट दुखण्यांवर वापरात आल्या.

स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी म्हणजे कंडरा. तिला मुळातच रक्तपुरवठा कमी. महिनोन्महिने दुखणाऱ्या कंडरेत भरून येण्याचं काम जणू अर्धवट अडकलेलं असतं. लाटा तिथल्या पेशींना डिवचतात आणि ते काम पुन्हा सुरू होतं, असं मानलं जातं. म्हणून गुण टेबलावरून उठताच दिसत नाही, काही आठवडे लागतात. उपचार साधारण आठवड्याच्या अंतराने ३ ते ५ वेळा होतो.

मग प्रत्येक दुखण्यावर घ्यायची का? नाही. खांद्याच्या कंडरेत कॅल्शियम साचलंय, किंवा व्यायाम करूनही टाचदुखी सहा महिने हटत नाही, तर विचार जरूर करू. गुडघ्याची झीज असेल तर काहींच्या वेदना कमी होतात. पण झिजलेली कूर्चा परत येत नाही. तसं आश्वासन कुणी देत असेल, तर पैसे भरण्याआधी थांबू या.

गरोदरपण किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आधी सांगायचंच. आणि व्यायाम सोडायचा नाही. लाटा फक्त चालना देतात. कंडरा मजबूत होते ती हळूहळू वाढवलेल्या भारानेच.