दृश्यपटावरील यथादर्शन आणि परिवलन

अनेक वस्तू एकाच सपाट पृष्ठावर मांडावयाच्या असल्या, की जागेचा प्रश्न उभा राहतो. त्या मोठ्या ठेवल्या तर थोड्याच मावतात. सर्वच लहान केल्या तर एकही नीट दिसत नाही. संगणकाच्या पडद्यावर या पेचातून वाट काढण्यासाठी दोन साधने योजिली जातात. दूरची वस्तू लहान दिसते, हे यथादर्शनाचे तत्त्व. उभ्या अक्षाभोवती वळविलेला फलक अरुंद दिसतो, हे परिवलनाचे.

यामागील गणित साधे आहे. डोळा आणि पडदा यांत जेवढे अंतर कल्पिले असेल, तेवढ्याच अंतरावर वस्तू पडद्यामागे नेली, तर ती निम्म्या आकाराची दिसते. फलक ६० अंशांनी वळविला तर रुंदी सुमारे निम्मी, ७५ अंशांनी वळविला तर सुमारे चतुर्थांश उरते. उंची मात्र बव्हंशी टिकते.

झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधनकेंद्रातील मॅकिन्ले, रॉबर्टसन आणि कार्ड यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या 'पर्स्पेक्टिव्ह वॉल'मध्ये मधला फलक सन्मुख असून दोन्ही बाजूंच्या भिंती मागे सरत जातात. मध्ये तपशील, कडांना संदर्भ, अशी ही विभागणी होय. ॲपलच्या 'कव्हर फ्लो'ने २००६ मध्ये आयट्यून्समधील संगीतसंग्रहांची मुखपृष्ठे अशाच रीतीने मांडली : मधले सन्मुख, बाजूची तिरपी. आयट्यून्समधून ही रचना २०१२ मध्ये वगळली गेली.

ग्रंथसूचीसाठी ही रचना स्वीकारताना मात्र एक भेद ध्यानी घ्यावा लागतो. तिरपे झालेले चित्र ओळखता येते. अक्षर वाचावे लागते. देवनागरीत 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांतील भेद बव्हंशी शिरोरेषेतील लहानशा खंडावर आणि एखाद्या गाठीवर अवलंबून असतो. परिवलनाने आडवे अंतर आक्रसते आणि नेमका हा खंडच प्रथम बुजू लागतो. 'धन' आणि 'घन', 'मान' आणि 'भान' यांतील सीमारेषा तेथे पुसट होते. जोडाक्षरांतील उभ्या रेषाही एकमेकींना भिडतात.

जुन्या ग्रंथांच्या अनेक मुखपृष्ठांवर चित्र नसते, केवळ नाव असते. ज्याला ग्रंथ पूर्वपरिचित आहे तो रंगावरून किंवा आकारावरून त्यापर्यंत पोहोचेल. अपरिचित ग्रंथाच्या शोधात असलेल्या अभ्यासकाला मात्र नावाखेरीज दुसरा आधार नाही. म्हणून मुखपृष्ठ वळविले तरी ग्रंथनाम त्याच्याखाली स्वतंत्रपणे, सन्मुख आणि सरळ ओळीत ठेवणे इष्ट. खोलीचा आभास संग्रहाची व्याप्ती दाखवू शकतो. ग्रंथाची ओळख मात्र अक्षरांनीच पटते.