सीमेवरचें नाकें आणि नाशिकचा कांदा

नाशिक जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या चाळींतून निघालेला कांदा पुष्कळदां बांगलादेशांतील चुलीवर शिजतो. पश्चिमेकडून पूर्व सीमेपर्यंतचा एवढा लांबचा प्रवास तो निमूटपणें करितो. परंतु त्याची खरी परीक्षा शेवटच्या थोड्याशा अंतरांत होते. तें ठिकाण म्हणजे कोलकत्त्यापासून सुमारें ८० किलोमीटरांवरील पेट्रापोल. फाटकापलीकडे बांगलादेशाचें बेनापोल. या दोन देशांमधील खुष्कीच्या व्यापाराचें हें सर्वांत मोठें द्वार होय.

श्रोते सहज विचारतील कीं, फाटकापाशीं वेळ जातो तरी कशांत? प्रथम मालाचे कागद जकात-अधिकाऱ्यांनीं तपासावयाचे. शेतमाल असल्यास त्याबरोबर कीड अथवा रोग जात नाहीं अशी खात्री करावयाची. गाडीची झडती घ्यावयाची. मग पलीकडच्या कचेरींत बहुतेक तेंच सारें पुन्हां. शिवाय भारतीय मालमोटारीला बेनापोलच्या आवारापुढें जातां येत नसल्यामुळें सर्व माल तेथें उतरवून बांगलादेशी गाडींत भरावा लागतो. जागतिक बँकेच्या २०२१ सालच्या अहवालाप्रमाणें हें नाकें ओलांडण्यास सरासरी १३८ तास, म्हणजे पावणेसहा दिवस, लागत; त्यांतले २८ तास एकट्या चढउतारींत जात. साधारण तेवढ्याच मालाला पूर्व आफ्रिकेंतील नाक्यांवर सहा तासही लागत नव्हते. लोखंडाला हा विलंब सोसतो. कांद्याला सोसत नाहीं.

यावर पहिला उपाय जागेचा. समुद्रावरील बंदरांत धक्का, वखार व जकातगृह जशीं एकाच आवारांत असतात, तशींच तीं जमिनीवरील नाक्यांतही असावींत, या हेतूनें भारतांत २०१० सालीं कायदा झाला व २०१२ सालीं भू-बंदर प्राधिकरण स्थापन झालें. पेट्रापोल येथील एकत्रित तपासणी-नाकें २०१६ सालीं सुरू झालें. २७ ऑक्टोबर २०२४ रोजीं तेथें ‘मैत्रीद्वार’ नांवाचें मालगाड्यांचें दुसरें फाटक व उतारूंसाठीं नवी इमारत खुली झाली.

दुसरा उपाय गाडी न बदलण्याचा. जून २०१५ मध्यें थिंफू येथें बांगलादेश, भूतान, भारत व नेपाळ यांनीं एकमेकांच्या मोटारींना वाट देण्याचा करार केला. परंतु सही करणें निराळें आणि फाटक उघडणें निराळें. २०१६ सालीं भूतानच्या वरिष्ठ सभागृहानें त्यास संमति नाकारली.

तिसरा उपाय विटा-चुन्याचा नसून वचनाचा आहे. १४ सप्टेंबर २०२० रोजीं भारतानें कांद्याची निर्यात एकाएकीं बंद केली, तेव्हां भरलेल्या गाड्या सीमेवर अडकल्या व कांदा जागींच नासूं लागला. एप्रिल २०२५ मध्यें बांगलादेशानें खुष्कीनें येणारें भारतीय सूत थांबविलें. पुढच्याच महिन्यांत भारतानें तिकडील तयार कपड्यांना जमिनीवरचीं नाकीं बंद केलीं. प्रत्येक सरकारला आपल्या प्रजेची काळजी वाहावीच लागते. तथापि नियम बदलतांना आगाऊ सूचना द्यावी, आणि रांगेंत उभी असलेली गाडी जाऊं द्यावी, एवढी मर्यादा पाळणें अशक्य नाहीं.

द्वार कितीही रुंद बांधलें, तरी तें उद्यां उघडें असेल असा भरंवसा नसल्यास व्यापारी माल पाठविण्यास कचरतो. आणि त्या भरंवशाच्या अभावाची किंमत अखेर चाळींतल्या शेतकऱ्यालाच मोजावी लागते.